चमच्यावरची शीग पुसणारी बाई

मराठीत शीग हा एक जुना आणि नेमका शब्द आहे. शेराचे किंवा पायलीचे माप धान्याने भरले की काठाच्या वर जो उतरता ढीग उभा राहतो, ती शीग. एखादी गोष्ट शिगेला पोहोचली असे आपण आजही म्हणतो, तेव्हा नकळत बाजारातल्या त्या भरलेल्या मापाचीच आठवण काढतो. शीग लावून माप घ्यायचे की काठाशी सपाट करून, यावर घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा फायदा-तोटा अवलंबून असे. माप तेच, पण शिगेत किती दाणे राहतील याला काही नियम नाही. ज्वारीची शीग वेगळी, तांदळाची वेगळी आणि भरणाऱ्याच्या हातची तर त्याहून वेगळी.

धान्याच्या बाजारातली ही अडचण स्वयंपाकघरातल्या चमच्यातही असते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील बोस्टन शहरात एका लंगडत चालणाऱ्या बाईने ही शीग सुरीच्या पात्याने पुसून टाकली आणि चमचा म्हणजे सपाट चमचा, कप म्हणजे सपाट कप, असा दंडक घालून दिला. तिचे नाव फॅनी मेरिट फार्मर. आज आपल्याकडे घरोघरी केक भाजले जातात, परदेशी पाककृती हाताशी असतात, आणि त्यातल्या कपांचे ग्रॅम कसे करायचे या प्रश्नाशी प्रत्येकाची कधी ना कधी गाठ पडते. त्या प्रश्नाचे मूळ शोधत गेलो की आपण या बाईपाशी जाऊन पोहोचतो. म्हणून आज तिची गोष्ट सांगावीशी वाटली.

थांबलेले शिक्षण

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील जॉन फ्रँकलिन फार्मर मुद्रणाच्या व्यवसायात होते. चार मुलींत फॅनी थोरली. मुलींनी शिकावे असे आईवडिलांना मनापासून वाटे, आणि त्या काळात ही गोष्ट सर्रास नव्हती. फॅनीने कॉलेजात जावे असे घरात जवळजवळ ठरलेलेच होते. पण सोळाव्या वर्षी, मेडफर्डच्या शाळेत शिकत असताना, तिला पक्षाघाताचा झटका आला. शाळा सुटली, चालणे सुटले. पुढची काही वर्षे तिने घरातच, आईवडिलांच्या देखरेखीखाली काढली. नंतर ती पुन्हा चालू लागली, पण पायातले लंगडेपण कायमचे राहिले.

ज्या घराने थोरल्या लेकीच्या पदवीची स्वप्ने पाहिली, त्या घरात ती तरुणपणाची वर्षे अंथरुणात आणि खुर्चीत काढत होती. लग्न तिने पुढेही केले नाही. हळूहळू उठबस करता येऊ लागल्यावर ती आईच्या स्वयंपाकघरात रमू लागली. घरात पैशांची ओढ होती, म्हणून जेवणाखाण्यासह राहणारे लोक ठेवले गेले आणि त्या घरच्या जेवणाची आसपास ख्याती झाली. पुढे श्रीमती शॉ नावाच्या बाईंच्या घरी ती मदतनीस म्हणून कामाला लागली. तिथल्या लहान मुलीची एक आख्यायिका सांगतात. अक्रोडाएवढे लोणी आणि चिमूटभर मीठ म्हणजे नक्की किती, असे त्या मुलीने विचारले आणि फॅनी विचारात पडली. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या काळच्या पाककृतींत अंड्याएवढे लोणी, ढीगभर चमचा, चहाच्या पेल्याभर पीठ अशीच मापे असत हे मात्र खरे. आईच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला ती पुरत. जिला असे शिकवणारे कोणी नव्हते, तिचे काय?

श्रीमती शॉ यांच्याच सूचनेवरून फॅनीने बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये नाव घातले. तेव्हा तिचे वय तिशीचे होते. ही शाळा बोस्टनमधील स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने १८७९ साली काढली होती. पाककला ही शास्त्र म्हणून शिकवावी, बायकांना त्यातून पोट भरता यावे, हा तिचा हेतू. १८८९ साली फॅनी तिथली परीक्षा उत्तीर्ण झाली आणि शाळेने तिला साहाय्यक म्हणून ठेवूनच घेतले. काही वर्षांतच ती शाळेची मुख्य झाली. सोळाव्या वर्षी हातून निसटलेले शिक्षण तिला असे बत्तिसाव्या वर्षी, ओट्यापाशी उभे राहून मिळाले.

तीन हजार प्रतींचा जुगार

शाळेचे एक पाककृतींचे पुस्तक आधीपासून होते. पूर्वीच्या मुख्याध्यापिका मेरी लिंकन यांनी ते १८८४ साली लिहिले होते. फॅनीने त्या साऱ्या परंपरेची नव्याने मांडणी केली आणि १८९६ साली ‘बोस्टन कुकिंग स्कूल कुक बुक’ हे पुस्तक सिद्ध केले. लिटल, ब्राऊन या बोस्टनच्या प्रकाशन संस्थेला त्याच्या खपाविषयी खात्री वाटेना. बाजारात पाककृतींची पुस्तके काय कमी आहेत, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी पहिली आवृत्ती फक्त ३,००० प्रतींची काढली आणि तिचा खर्च लेखिकेलाच सोसायला लावला. पुढे हीच गोष्ट फॅनीच्या पथ्यावर पडली, कारण पुस्तक तिच्या मालकीचे राहिले. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, लाखो प्रती खपल्या आणि एका अपंग, अविवाहित बाईला स्वतःच्या कमाईवर सन्मानाने जगता आले.

त्या पुस्तकात होते तरी काय? पाककृती तर होत्याच, सुमारे अठराशे. पण सुरुवातीला अन्नाचे घटक, ज्वलन, उकळणे, भाजणे यांची माहिती होती आणि मापनाविषयी अगदी रोखठोक सूचना होत्या. पीठ, पिठीसाखर, सोडा असे पदार्थ मोजण्याआधी चाळून घ्यावेत. कपात पीठ भरताना ते चमच्याने अलगद टाकावे, कप हलवू नये, आपटू नये, कारण हलवले की पीठ दबते. मग सुरीने वरचे निपटून काढावे. अर्धा चमचा हवा असेल तर सपाट चमचा उभा दुभागावा, पाव हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग करावेत. तीन छोटे चमचे म्हणजे एक मोठा चमचा, सोळा मोठे चमचे म्हणजे एक कप. खुणा केलेले पत्र्याचे कप त्या काळी दुकानात मिळत. फॅनीने त्यांचा शोध लावला नाही. तिने ते वापरायची एकच रीत ठरवून दिली आणि आपल्या प्रत्येक पाककृतीत ती पाळली.

म्हणून तिला सपाट मापांची जननी म्हणतात. यामुळे ती फार रुक्ष, चिकित्सक बाई असेल अशी कल्पना होते, पण तसे नव्हते. तिला उत्तम खाण्याची मनापासून आवड होती. उपाहारगृहात एखादी चटकदार चव लागली आणि तिचे गुपित कळेना, तर ती आपल्या नावाच्या कार्डावर त्याचा थेंबभर नमुना घरी नेई, अशीही एक दंतकथा आहे. जीभ तिची स्वतःची होती, माप दुसऱ्यांसाठी होते. स्वतःच्या हाताचा अंदाज आपल्याजवळ असतोच. तो दूरच्या, न पाहिलेल्या मुलीच्या हाती कसा द्यायचा, हा तिचा खरा प्रश्न होता. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली निघालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापांतून हेच काम केले. माहेर-सासरपासून दूर, नोकरीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या किती मुलींना त्या पुस्तकाने तारले असेल!

एक पौंड, पण कप किती?

आता फॅनीच्या गोष्टीतील खरा पेच सांगते. युरोपात केक-पाव करणारे वजनाने करत, आजही करतात. अमेरिकेतही पूर्वी वजनाची रीत होतीच. पाऊंड केकचे नावच त्यावरून पडले. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात तो आहे: एक पौंड पीठ, एक पौंड लोणी, एक पौंड साखर आणि पौंडभर अंडी. लक्षात ठेवायला सोपे आणि चुकायला जागा नाही, मात्र घरात तराजू हवा. अमेरिकेत वस्त्या पसरत गेल्या तसे तराजूऐवजी कप हाती आले. कप हलका, स्वस्त आणि प्रत्येक घरात असणारा. फॅनीने या कपाला शिस्त लावली आणि तिच्या पुस्तकाच्या लोकप्रियतेने अमेरिकन स्वयंपाकघर कपाशी कायमचे बांधले गेले.

पण ती स्वतः वजन विसरली नव्हती. तिच्या पुस्तकात कपांचे पौंडांशी नाते सांगणारा तक्ता आहे. त्यानुसार चार कप पीठ म्हणजे एक पौंड, दाबून भरलेले दोन कप लोणी म्हणजे एक पौंड, दोन कप दाणेदार साखर म्हणजे एक पौंड आणि नऊ मोठी अंडी म्हणजे एक पौंड. जुना पाऊंड केक या तक्त्यात घालून पाहा. वजनाने चारही जिन्नस सारखे, पण कपाने पीठ चार आणि लोणी दोन! आकारमान आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कळते.

आपल्या आजी-पणजींना हे निराळे सांगावे लागले नसते. शेर हे वजनही होते आणि मापही. मापी शेरभर तांदूळ आणि मापी शेरभर पोहे तराजूत घातले तर पारडे कुठे झुकेल, हे त्यांना ठाऊक होते. १९५६ सालच्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, टप्प्याटप्प्याने शेर-पायली मागे पडली आणि दुकानातले धान्य किलोने मिळू लागले. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली. वाटीला कसलेच प्रमाण नाही, तरी आपला शिरा बिघडत नाही, कारण रवा, साखर, तूप सारे त्याच एका वाटीने मोजलेले असते. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहते. अडचण येते ती एखादा जिन्नस नगाने किंवा वजनाने आला की. तीन अंडी ही तीनच असतात, ती वाटीप्रमाणे लहानमोठी होत नाहीत. लोण्याची वडी ग्रॅमची असते. केकमध्ये नेमके हेच होते.

त्यात भर पिठाची. फॅनीच्या तक्त्याप्रमाणे एक कप पीठ ११३ ग्रॅम होते. आजचे बहुतेक तक्ते १२० ते १२५ ग्रॅम धरतात. मी घरच्या वजनकाट्यावर २४० मिलिलिटरचा कप ठेवून मैदा तीन तऱ्हांनी भरून पाहिला. आधी चाळून, मग चमच्याने अलगद भरून सुरीने निपटला, तेव्हा तो ११५ ग्रॅमच्या आसपास भरला. न चाळता चमच्याने भरला तेव्हा सव्वाशे. आणि कप सरळ डब्यात खुपसून काढला, तेव्हा काटा दीडशेच्या जवळ गेला. तिन्ही वेळा कप सपाटच होता. शीग पुसली तरी पीठ आत दबून बसायचे ते बसतेच. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक शंभर ग्रॅमपर्यंत जातो. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. भट्टीत गेलेल्या केकमधून जास्तीचा मैदा परत काढता येत नाही. तो कोरडा होतो, वर तडकतो आणि करणारीला वाटते, आपल्या हातालाच गुण नाही.

म्हणून कपाचे ग्रॅम करताना काही गोष्टी पाहाव्यात. पहिली, कप कोणाचा? अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा. दुसरी, जिन्नस कोणता? सर्वांना एकच आकडा लागू नाही. कपभर मैदा १२० ग्रॅम, साखर २००, लोणी २२७, मध ३४० च्या आसपास, कोको पावडर मात्र ८५ ते १०० च्या दरम्यान. साखरेच्या बाबतीत फॅनीचा तक्ता २२७ ग्रॅम देतो आणि आजचे तक्ते २००, म्हणजे छापील तक्त्यांतही फरक असतो. एका पाककृतीसाठी एकच तक्ता शेवटपर्यंत वापरावा आणि शक्यतो तो त्याच पुस्तकातला असावा. तिसरी, शब्दांचा क्रम. चाळलेला एक कप मैदा म्हणजे आधी चाळून मग मोजलेला. एक कप मैदा, चाळून, असे असेल तर आधी मोजायचा आणि मग चाळायचा. दोन्हींत वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडू शकतो. एकदा का हे ग्रॅम ठरले, की ते पाककृतीच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला कप काढायचे कारणच उरत नाही. भांडे काट्यावर ठेवायचे, काटा शून्यावर आणायचा आणि एकेक जिन्नस त्यातच ओतत जायचे. घासायची भांडीही कमी होतात!

मात्र बेकिंग पावडर, सोडा, मीठ यांना हा नियम लावू नये. चमचाभर बेकिंग पावडर जेमतेम चार-पाच ग्रॅम भरते, आणि घरगुती काटा एक ग्रॅमच्या खाली फारसे ओळखत नाही. तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे पाचातला एक भाग. अशा वेळी फॅनीचा सपाट चमचाच अधिक भरवशाचा.

आजाऱ्याचे ताट

१९०२ साली फॅनीने बोस्टन कुकिंग स्कूल सोडले आणि स्वतःच्या नावाची शाळा काढली. शिक्षिका तयार करण्यापेक्षा घरच्या बायकांना शिकवणे हा तिथला मुख्य उद्देश होता. पण तिचे मन सर्वांत जास्त गुंतले होते ते आजाऱ्यांच्या जेवणात. ज्या मुलीने ऐन तारुण्यातली वर्षे अंथरुणात काढली, तिला रुग्णाच्या ताटाचे मोल वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती. १९०४ साली तिचे रुग्ण आणि बरे होत असलेल्या माणसांच्या आहाराविषयीचे पुस्तक निघाले. त्यात मधुमेही रुग्णांच्या खाण्याचा सविस्तर विचार होता. इन्शुलिनचा शोध लागायला तेव्हा सतरा वर्षे अवकाश होता. मधुमेह्याला पथ्याखेरीज दुसरा आधार जवळजवळ नव्हता, आणि त्या पथ्यात किती हा प्रश्न केकसारखा हौसेचा नव्हता, जिवाचा होता. परिचारिकांना तिने शिकवले, आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातही तिची आहारावर व्याख्याने झाली. कॉलेजचा उंबरठा ओलांडू न शकलेली मुलगी होणाऱ्या डॉक्टरांपुढे उभी राहून बोलत होती. आपल्या साऱ्या पुस्तकांत तिला हेच काम अधिक महत्त्वाचे वाटे, असे तिच्याविषयी लिहिणारे सांगतात.

या सुमारास ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या मासिकात बहीण कोरा हिच्या साथीने ती सुमारे दहा वर्षे पाककलेचे सदर चालवत होती. शेवटची सात वर्षे पुन्हा पायांनी साथ सोडली. तिने चाकांच्या खुर्चीत बसून व्याख्याने दिली. मृत्यूच्या दहा दिवस आधीही ती वर्गापुढे होती. १५ जानेवारी १९१५ च्या सुमारास, अठ्ठावन्नावे वर्ष पुरे होण्याआधी, तिचे बोस्टनमध्ये निधन झाले.

तिच्यामागे पुस्तक आधी बहिणीने आणि नंतर घरातील पुढच्या पिढीने सुधारत नेले. १९७९ साली मॅरियन कनिंगहॅम यांनी त्याची संपूर्ण नवी आवृत्ती केली, आणि तोवर पुस्तकाच्या नावातच फॅनी फार्मर आली होती. १९१९ साली रॉचेस्टर शहरात तिचे नाव घेऊन मिठाईची दुकानेही निघाली. त्यांच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता, पण नाव विकले जाण्याइतका लोकांचा विश्वास तिने कमावला होता.

आज केक करणारी जाणती मंडळी कप बाजूला ठेवून ग्रॅमने मोजा असे सांगतात, तेव्हा त्यांनी फॅनीला खोटे पाडले असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. तिच्या काळात साध्या घरात अचूक काटा नव्हता, कप होता, आणि जे घरात होते त्यातूनच तिने अचूकपणाची वाट काढली. आज चारशे-पाचशे रुपयांत ओट्यावर मावणारा काटा मिळतो. तो वापरणे म्हणजे तिने धरलेली वाट पुढे चालणे. एका घरात उत्तम जमलेला पदार्थ दूरच्या घरात, ओळख-पाळख नसलेल्या हातांनाही तसाच जमावा, एवढेच तिला हवे होते. कप आणि ग्रॅम ही केवळ त्याची साधने. म्हणून आपल्या हातखंड्याच्या पदार्थाचे माप कोणी विचारले, तर अंदाजाने घाल असे सांगून सुटका करून घेऊ नये. एकदा काट्यावर ठेवून आकडे लिहून द्यावेत. सुनेला, लेकीला किंवा परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला त्याचा फार आधार होतो.